शांता आपटे रद्दीत गेली : गिरगावातल्या आपल्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

अध्यक्ष महोदय, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार.

मी आपल्या वाचनालयाची आजीव सभासद. जन्म फणसवाडीतल्या चाळीतला, लग्नानंतर डोंबिवलीला गेले पण सभासदत्व कधी सोडलं नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, त्या दिवशी चर्नी रोडला उतरून पुस्तक बदलायला येते हे काउंटरवरच्या सगळ्यांना माहीत आहे. आपल्या पोटमाळ्यावरचं जुन्या सिनेमाच्या कागदांचं अख्खं कपाट मे महिन्यात रद्दीत गेलं, त्यात शांता आपटे या जुन्या काळच्या नटीचं पुस्तकही गेलं, त्याबद्दल हे पत्र आहे. हेच सगळं मी जुलैमध्ये साध्या अर्जात लिहून दिलं होतं. पोच मिळाली, उत्तर नाही. दोनदा फोन केला, "मीटिंगमध्ये घेऊ" असं सांगितलं, मीटिंग होऊन गेली, विषय निघालाच नाही असं तुमच्यातल्याच एकांनी सांगितलं. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

जूनच्या चौथ्या शनिवारी मी माझ्या भाचीला घेऊन वाचनालयात आले होते. ती मास मीडिया करतेय, तिला जुन्या मराठी नट्यांवर प्रोजेक्ट होता, मी म्हटलं चल तुला 'कुंकू' सिनेमाच्या गाण्यांची खरी चोपडी दाखवते, आण्याला थिएटरबाहेर मिळायची ती. पोटमाळ्यावर गेलो तर चौदा नंबरचं कपाटच नाही. तिथे नवीन रंग दिलेली भिंत, तीन टेबलं आणि चार्जिंगचे पॉइंट. मी वेड्यासारखी बाकीची कपाटं उघडून बघत बसले, मला वाटलं जागा बदलली असेल. शेवटी खालून शिपाई वर आला आणि म्हणाला, "ताई, ते सगळं मे महिन्यात काढलं. रद्दीत दिलं." त्या माणसाचा काही दोष नाही, त्याला सांगितलं ते त्याने केलं, पण सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

पावती मी मागून बघितली. 'जुनी रद्दी, १४० किलो, दर १४, एकूण १,९६०.' एवढंच. कुठली पुस्तकं, कुणाची देणगी, काही नाही.

चौदा नंबरमध्ये काय होतं ते मंडळातल्या नवीन लोकांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. 'रसरंग'चे बांधीव अंक, 'फिल्म इंडिया'चे सुटे अंक, नाटकांची हँडबिलं, आणि सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या. त्यातल्या ६३ चोपड्या माझ्या आजीच्या. ती १९९९ साली गेली, २००१ साली माझ्या मामाने तिची ट्रंक वाचनालयाला दिली, ६३ चोपड्या आणि ११ पुस्तकं. त्याची पावती आहे, तेव्हाच्या ग्रंथपालांची सही आहे, आणि "जतन करण्यात येईल" असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

त्या अकरा पुस्तकांत एक होतं 'जाऊ मी सिनेमात?', लेखिका शांता आपटे, साल १९४०.

मी त्याच दिवशी रद्दीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, महिना झाला, लगद्याला गेलं. फोटोवालं तेवढं मी वेगळं काढतो, चोरबाजारचा माणूस येतो न्यायला." दुसऱ्या दिवशी रविवारी चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटला गेले, भाचीला घेऊनच. तिसऱ्या दुकानात सापडल्या. अकरा चोपड्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून दोरीला लावलेल्या, पहिल्या पानावर आपल्या वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का तसाच. एकीचे १,५०० सांगितले. मी 'गोपाळकृष्ण' आणि 'अमरज्योती' घेतल्या, घासाघीस करून दोन्हींचे मिळून २,६०० दिले. म्हणजे १४० किलोचे वाचनालयाला जेवढे मिळाले त्याहून जास्त पैसे मी वाचनालयाच्याच दोन चोपड्यांना दिले. 'कुंकू'ची विचारली तर दुकानदार म्हणाला, "जिसपे पेन्सिल से लिखा रहता है वो मैं नहीं लेता, बिकता नहीं." पेन्सिलने लिहिलेली होती ती. ती लगद्याला गेली.

त्या चोपडीवर काय लिहिलेलं होतं ते आता सांगायलाच लागेल.

माझी आजी १९२२ची. १९३७ साली पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, नवरा एकेचाळीसचा बिजवर, आधीची दोन मुलं. शारदा कायद्याने मुलीचं वय चौदा ठरवलं होतं, आजी पंधराची, म्हणजे सगळं कायदेशीर. नवरा अठराच्या आतला नसावा एवढंच कायदा म्हणत होता, तो वयाने केवढा मोठा असावा यावर काहीच नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं गेलं आणि तिचं माहेरचं नाव त्या दिवशी संपलं, ते नंतर तिला कुणी हाक म्हणून मारलं नाही. त्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' आला. चाळीतल्या बायकांबरोबर ती दुपारच्या खेळाला गेली. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, नीरा नावाची अनाथ मुलगी, मामा पैशासाठी फसवून तिचं म्हाताऱ्या बिजवर वकिलाशी लग्न लावून देतो, आणि ती मुलगी त्या घरात राहून हे लग्न मानायला नकार देते. रडत बसत नाही, पळूनही जात नाही, समोर उभी राहून नाही म्हणते. ती नीरा म्हणजे शांता आपटे.

आजी घरी येऊन काही बोलली असेल असं मला वाटत नाही. आजोबा वाईट नव्हते, हे तीच सांगायची, त्यांनी तिला सिनेमाला पैसे दिले होते. पण चोपडी तिने आणली आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने स्वतःचं माहेरचं नाव लिहिलं. सात वेळा, एकाखाली एक, कित्ता गिरवल्यासारखं, पहिलं थोडं वाकडं आणि शेवटचं एकदम वळणदार. त्याच पानावर खाली दुधाचा हिशोब आहे, नंतर कधीतरी लिहिलेला. ती मराठी चौथी शिकलेली. तिच्या हातचं तिचं ते नाव दुसऱ्या कुठल्याही कागदावर नव्हतं. शाळेचा दाखला नाही, काही नाही. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते तिचं होतं.

एवढं माझं घरचं. आता तुम्ही म्हणाल की एका सभासदाच्या आजीच्या पेन्सिलसाठी वाचनालयाने कपाट अडवून ठेवायचं का. म्हणून शांता आपटेबद्दल लिहिते, कारण मंडळातल्या एका जबाबदार व्यक्तीने मला फोनवर विचारलं, "शांता आपटे म्हणजे ती 'कशाला उद्याची बात'वाली ना?" नाही हो. ती शांता हुबळीकर, 'माणूस'मधली, १९३९ची. त्यासुद्धा मोठ्याच. पण दोन वेगळ्या बायका आहेत. आणि आपल्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत शांता आपटे या नावाखाली जो फोटो छापलाय तो हुबळीकरांचाच आहे, मी तेव्हाच पत्र दिलं होतं.

शांता आपटे दुधनीची, सोलापूरकडची. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये पोरवयातली राधा होती, शाहू मोडक कृष्ण. मग प्रभात. 'अमृतमंथन' १९३४, 'अमरज्योती' १९३६, त्यात दुर्गा खोटे समुद्रावरची बंडखोर बाई आणि शांता राजकन्या, 'सुनो सुनो बन के प्राणी' तिने गायलेलं, ते आजी भांडी घासताना गायची. मग 'वहाँ', 'कुंकू' आणि १९३८चा 'गोपाळकृष्ण', त्यात राम मराठे कृष्ण. ती स्वतःचं गाणं स्वतः गायची. त्या काळात गाणं लागलं की नट-नट्या खांबासारख्या उभ्या राहायच्या, बैठकीत गातात तशा, हिचं तसं नव्हतं. गाताना हिचे हात, डोळे, मान सगळं त्या प्रसंगातलं असायचं. 'कुंकू'त पार्श्वसंगीतच नाही, भांड्यांचे, दाराचे, घड्याळाचे खरे आवाज आहेत फक्त, आणि त्या शांततेत ती लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गाते. १९३७ साली, नऊवारीतली मराठी मुलगी. मला तो प्रसंग आजही बघताना अंगावर काटा येतो. त्याच सिनेमात सावत्र मुलगी झाल्यात शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांची मुलगी, र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कामातल्या. म्हणजे या सिनेमातल्या बायका पडद्याबाहेरही गप्प बसणाऱ्या नव्हत्या.

शांता आपटे तर अजिबातच नव्हती. १९३९ साली प्रभातशी पैशावरून आणि करारावरून तिचं बिनसलं आणि ती पुण्यात स्टुडिओच्या फाटकापाशी उपोषणाला बसली. आज त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६०पासून. तेव्हा प्रभात म्हणजे केवढं नाव, 'तुकाराम' आपल्या गिरगावच्या सेंट्रलला ५७ आठवडे चालला होता, आजीने दोनदा बघितला. आणि त्या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या नटीने फाटकात बसून सांगितलं की माझ्या कामाचं काय ते बोला. तेव्हा नट-नट्या महिन्याच्या पगारावर असायच्या, करारात बांधलेल्या, दुसरीकडे काम करायची सोय नाही. गिरणीतला कामगार संप करतो हे मुंबईला माहीत होतं. हिरॉइनसुद्धा कामगार आहे हे तिने दाखवलं.

आणि पुढच्याच वर्षी तिने ते लिहून काढलं. 'जाऊ मी सिनेमात?' हे ते पुस्तक. मी ते आपल्या वाचनालयात बसून दोनदा वाचलंय, कारण घरी न्यायला परवानगी नव्हती. सिनेमात यावं का असं विचारणाऱ्या मुलींना तिने उत्तर दिलंय. त्यात नट्यांच्या भानगडी नाहीत, शृंगाराच्या टिप्स नाहीत. हा धंदा कसा चालतो, राबतं कोण आणि पैसा कुणाकडे जातो, नटीच्या मेहनतीचं पुढे काय होतं, असलं लिहिलंय तिने. मी बँकेत युनियनचं काम केलंय, मला ते वाचताना सारखं वाटायचं की ही आमच्यातलीच आहे.

आपल्या मराठी नट्यांनी स्वतःबद्दल जेवढं लिहिलं तेवढं दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहिलं गेलंय का मला शंका आहे. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका', दुर्गाबाईंचं 'मी दुर्गा खोटे', लीला चिटणीसांचं 'चंदेरी दुनियेत', स्नेहप्रभा प्रधानांचं 'स्नेहांकिता', शांता हुबळीकरांचं. ही सगळी नंतरच्या काळातली, मागे वळून बघताना लिहिलेली. शांता आपटेने १९४० साली, ऐन भरात असताना, नाव लावून लिहिलं. बाकीची पुस्तकं आज दुकानात नाहीतर कुठल्या तरी वाचनालयात मिळतील. हे मी दादरला, ठाण्याला, डोंबिवलीला विचारलं, मला मिळालं नाही. आपल्याकडे होतं.

त्यानंतरचंही थोडं सांगते. १९४१ साली तिने तमिळमध्ये 'सावित्री' केला. त्यासाठी ती तमिळ शिकली, तोंडातल्या तोंडात पाठ करून नाही, शिकली. त्या सिनेमात नारद झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी, आणि त्यातून मिळालेल्या पैशातून 'कल्की' हे तमिळ नियतकालिक उभं राहिलं. लाहोरला जाऊन 'जमीनदार' केला. 'दुहाई'त नूरजहाँबरोबर होती. १९४६च्या 'सुभद्रा'त तिच्याबरोबर गाणारी दुसरी मुलगी म्हणजे लता मंगेशकर. हे सगळं करून ती २४ फेब्रुवारी १९६४ला अंधेरीत गेली. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ला सुरू झाले, फाळके पुरस्कार १९६९ला, तिची मोठी कामं सगळी त्याआधीची. दुर्गाबाई पुढेही कित्येक वर्षं काम करत राहिल्या, त्यांना फाळके मिळाला १९८३ साली. शांता आपटे कुठल्या यादीत नाही. माझ्या माहितीत पुरस्कार नाही, रस्ता नाही, चौक नाही. अंधेरीत तिचं नाव कुठे लावलेलं मी तरी बघितलं नाही. ज्या महिन्यात ती गेली त्याच महिन्यात, फेब्रुवारी १९६४मध्ये, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, जुने सिनेमे आणि त्यांचे कागद सांभाळायला.

आता माझ्या तक्रारी.

लेखी उत्तर दिलं नाहीत, पण तोंडी तुम्ही सांगितलंत की सात वर्षांत त्या कपाटातलं एकही पुस्तक कुणी नेलं नाही, देवघेव रजिस्टरवर नोंद नाही. अहो, ते घरी देतच नव्हते. कपाटावर "फक्त वाचनालयात बसून पाहण्यासाठी" अशी पाटी होती, ती तुमच्याच आधीच्या मंडळाने लावलेली. मग देवघेवीची नोंद होणार कशी? बसून बघणाऱ्यांची एक वेगळी वही होती, टेबलाच्या खणात, त्यात माझं नाव निदान वीस वेळा असेल, एकदा तर परदेशातून आलेली संशोधक मुलगी तीन दिवस बसली होती तिचंही असेल. ती वही कुणी उघडली का? ती तरी आहे का?

"आता सगळं यूट्यूबवर आहे" हे दुसरं कारण. 'कुंकू' आहे, मान्य. पण मी शोधलंय, तिच्या बऱ्याच सिनेमांचं नावाशिवाय काही मिळत नाही. आणि हे आपल्या गिरगावकरांना सांगायची वेळ यावी याचं मला फार वाईट वाटतं. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ला आपल्या मॅजेस्टिकला लागला, आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, देशातला पहिला बोलपट, आणि आज त्याची एक प्रिंट शिल्लक नाही. फोटो आणि जाहिराती, बस. मूकपट तर बहुतेक सगळे गेले, फिल्ममधली चांदी काढायला कित्येक रिळं विकली गेली. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातची मूळ रिळंही गेली. फिल्म जळते, विरघळते, म्हणून तर कागद जपायचा. चोपडीत गोष्ट असते, कोण कुठल्या कामात ते असतं, गाण्याचे शब्द असतात. सिनेमा गेला की तेवढंच राहतं.

कसर लागली होती म्हणता, थोडी लागली होती. मी स्वतः दोनदा डांबरगोळ्या आणून ठेवल्या होत्या. कसर लागली म्हणून कुणी पुस्तक विकत नाही, औषध करतात.

अभ्यासिका हवी होती हे कारण मात्र मला पटतं आणि ते मी मनापासून लिहिते. चाळीतल्या दहा बाय बारात सहा माणसं राहतात, एमपीएससीच्या पोरांना बसायला जागा पाहिजेच, माझा पुतण्या तुमच्याच टेबलावर बसून पास झालाय. त्या पोरांशी माझं काही भांडण नाही. पण एक कपाट खाली हॉलमध्ये हलवता आलं असतं. नाहीतर पुण्याच्या संग्रहालयाला एक पत्र टाकायचं, ते चोपड्या, पोस्टर, फोटो सगळं घेतात, त्यांचं कामच ते आहे. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८पासूनचं, त्यांना विचारायचं. नाहीतर मला फोन. आजीव सभासद म्हणून माझा नंबर रजिस्टरमध्ये आहे. मी टेम्पो करून डोंबिवलीला घेऊन गेले असते, माझ्या दोन खोल्यांत पलंगाखाली ठेवलं असतं. एकशे चाळीस किलो काही फार नाही.

आणि सगळ्यात लागलं ते हे, की देणगीदाराला कळवलं नाही. मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना अजून मी सांगितलेलं नाही. ते मला दर वेळी विचारतात, "आईची ट्रंक नीट आहे ना गं?"

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मे महिन्यात जे काही विकलं त्याची दाखल रजिस्टरवरून यादी करा आणि ती सूचना फलकावर लावा. निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तकं रजिस्टरवरून कमी करण्याचा, ठराव कुठल्या सभेत झाला, कुणी मांडला, तेही त्यात लिहा.

मटन स्ट्रीटच्या दुकानात आपल्या शिक्क्याच्या नऊ चोपड्या मी बघितल्या तेव्हा होत्या. त्या वाचनालयाने परत विकत घ्याव्यात. निम्मे पैसे मी देते, आजच द्यायला तयार आहे. उशीर केलात तर त्या परदेशी जातील, तो माणूस तसं म्हणाला.

'जाऊ मी सिनेमात?'ची प्रत शोधायला पुण्याच्या संग्रहालयाला आणि राज्यातल्या मोठ्या ग्रंथालयांना वाचनालयाच्या लेटरहेडवर पत्र पाठवा. कुठे मिळाली तर तिची झेरॉक्स किंवा स्कॅन मागवून आपल्याकडे ठेवा. पत्रांचा मसुदा मी लिहून देते, सही तुमची हवी, माझ्या एकटीच्या पत्राला कोण विचारणार.

यापुढे देणगीत आलेलं काहीही काढायचं झालं तर आधी देणगीदाराला कळवायचं, मग दुसऱ्या संस्थेला विचारायचं, आणि दोघांनीही नको म्हटलं तरच पुढचा विचार, असा नियम सर्वसाधारण सभेत करा. पोटमाळ्यावर अजून नऊ आणि दहा नंबरचं कपाट आहे, त्यात काय आहे ते तुमच्यातल्या किती जणांनी उघडून बघितलंय मला माहीत नाही. दहा नंबरात नाटकांच्या हस्तलिखित नकला आहेत.

स्मरणिकेतल्या फोटोची दुरुस्ती छापा. एका ओळीची आहे.

मामांना मंडळाच्या दोघांनी घरी जाऊन भेटावं. मला पत्र नको, माफी नको, त्यांना नको कळायला हे मी इतके दिवस म्हणत होते, पण आता हे पत्र उघड झाल्यावर त्यांना कळणारच आहे, तर ते तुमच्या तोंडून कळावं. ते तुम्हाला काही बोलणार नाहीत, चहा करायला सांगतील.

रविवारी दहा वाजता सर्वसाधारण सभा आहे. मी येतेय, माझ्याबरोबर फणसवाडी आणि मुगभाटातले आणखी सात सभासद आहेत, विषय आयत्या वेळच्या विषयात घ्यावा अशी लेखी सूचना आम्ही आधीच दिली आहे. 'गोपाळकृष्ण' आणि 'अमरज्योती'च्या चोपड्या मी बरोबर आणतेय. त्या मी वाचनालयाला परत द्यायला तयार आहे, त्यांच्यावर शिक्का तुमचाच आहे. फक्त कुठे ठेवणार ते आधी दाखवा.

आपली,
एक आजीव सभासद
(फणसवाडी, आता डोंबिवली पूर्व)

सोबत : २००१च्या देणगी पावतीची झेरॉक्स, दोन्ही चोपड्यांच्या पहिल्या पानांचे फोटो, जुलैच्या अर्जाची पोच.